अण्णांची डबल बेल

दोन घरांत मिळून एकच ट्यूनर बसवला आणि त्याचा रिमोट भिंतीच्या चुकीच्या बाजूला दिला — ही माझी चूक. आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको.

परवा इथे फोरमवर एका सभासदाने विचारलं होतं, घरात तीन कॉम्प्युटर आहेत, टीव्ही ट्यूनर एकातच आहे, तर तो नेटवर्कवरून बाकीच्या दोघांना कसा वाटून द्यायचा? खाली भराभर उत्तरं आली होती. मी सगळी वाचली, निम्मी कळली. पण वाचता वाचता हातातला चहा गार झाला... कारण हा उद्योग मी सत्त्याण्णव साली वाईत करून बसलोय. कॉम्प्युटर नव्हते. दोन जुने टीव्ही, एक भिंत आणि काळ्या केबलचा एक तुकडा, एवढंच होतं.

तर मंडळी, मी केबलवाला. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता. धंदाच असा होता की नसलेलाच बरा. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी सांगायला यायचं, ‘टीव्हीतनं कुणीतरी हाका मारतंय’, आणि मी मागचं झाकण उघडलं की आतून पाल निघायची. एकदा तर मीच ‘टीव्हीतून धूर येतोय’ म्हणून लोकांना बाहेर काढलं होतं. मागच्या खिडकीत उदबत्ती लावलेली होती. तेव्हा माझं नाव कसं झालं असेल, ते तुम्हीच समजा.

वाईत सिद्धनाथवाडीच्या अंगाला दोन जोडखोल्या होत्या, मधे एकच भिंत. अलीकडे अण्णा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, आणि त्यांची बायको, जिला सगळी आळी अक्का म्हणायची. पलीकडे बाबूराव, रिटायर झालेले ड्रायव्हर. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी मंदा लग्न होऊन सांगलीला. या दोघांनी उभ्या नोकरीतली बरीच वर्षं एकाच गाडीवर काढलेली. बाबूराव बौद्ध, अण्णा मराठा. शेजारी जागा घेतली तेव्हा अण्णांच्या भावकीत कुजबुज झाली होती म्हणे. अण्णांनी सांगून टाकलं, ‘त्याच्या हातात माझा जीव एवढी वर्सं दिला, तवा कुणी इचारलं न्हाई. आता भिंतीचं काय घिऊन बसलाय?’ विषय संपला.

दोघांकडे बटण फिरवायचे जुने टीव्ही. माझ्या केबलवर तोवर तीसेक चॅनेल झाले होते, पण त्या टीव्हींत जेमतेम पाच-सहा दिसायचे. बाकीचे बघायला मधे एक डबा लागायचा — ट्यूनर. त्याचा रिमोट दाबायचा, तो निवडेल तो चॅनेल टीव्हीत येतो. बाबूराव म्हणाले, ‘दोन कशाला? एकच घिऊ. एक गाडी दोघांनी चालवलीच की.’ मी आपला हुशार. डबा बाबूरावांच्या खोलीत ठेवला, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, आणि त्यातून एक वायर भिंतीला भोक पाडून अण्णांच्या टीव्हीला दिली. दोन्हीकडे स्वच्छ चित्र. मी शर्टाची कॉलर ताठ करून निघालो.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या केबलच्या कंट्रोल रूमवर हजर.

‘पक्या, आरं हे बघत्यात कुस्ती, आन मधीच घोडं पळाय लागतंय.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबा एक म्हणजे चॅनेल एक. बाबूराव जे लावतील ते अण्णांनी बघायचं. ही साधी गोष्ट वायर टाकताना मला सुचली नव्हती. मी दुरुस्त करायला गेलो तर दोघांनी त्यावर आपलाच मार्ग काढलेला. अण्णा भिंतीवर स्टीलच्या चमच्याने वाजवत होते. टक-टक — डबल बेल, म्हणजे पुढे चल. बाबूराव पुढचा चॅनेल लावायचे, मग त्याच्या पुढचा. टक — सिंगल बेल, म्हणजे थांब. थांबले.

‘रिमोट अण्णांकडे देऊ का?’ मी विचारलं.

बाबूराव गालातल्या गालात हसले. ‘तो कंडक्टर हाय रं. त्यानं बेल मारायची. स्टेअरिंग माझ्याकडंच ऱ्हाऊदे.’

रोज दुपारी चारच्या चहानंतर ही गाडी सुटायची ती सहाला थांबायची.

पुढच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताने लिहायची सवय लावा. अक्काने पाटी आणली. अण्णांनी तिला हातही लावला नाही. पण चमचा मात्र डाव्या हातात घट्ट धरायचे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला हा माणूस चार वाजले की टक-टक करायचा, आणि पलीकडून बाबूराव गाडी सोडायचे. अक्का म्हणायची, ‘माझ्याशी एक सबूद न्हाई. त्याच्याशी मातूर दोन तास गप्पा.’ माझी चूक अशी कुणाच्या तरी कामाला आली. आयुष्यात हे एकदाच घडलं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

त्याच सुमारास अक्काची आणखी एक तक्रार सुरू झाली. ‘सहा वाजलं की तुझा त्यो घाटाचा फोटू यिऊन बसतोय. चार-पाच मिन्टं हालत न्हाई. मग मुंग्याच मुंग्या. वायर बघ जरा.’

हा फोटो म्हणजे माझा स्वतःचा लोकल चॅनेल. एक नंबरला. त्यावर दाखवायला काही नव्हतं म्हणून मी कृष्णेच्या घाटाचा एक फोटो काढून लावून दिला होता. तिरका आलेला, कोपऱ्यात माझ्याच बोटाची सावली. जगात तो कुणी बघत नसे. मुंग्यांचं समजत होतं — पलीकडे डबा बंद झाला की अण्णांच्या टीव्हीत मुंग्या येणारच. पण रोज नेमका हा फोटो येऊन अडकतो म्हणजे नक्की माझ्या वायरीत दोष. मी तीनदा गेलो. जोड बदलले, वायर बदलली, एकदा खांबावरचा अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा बदलला. बाबूराव तंबाखू मळत शेजारी उभे राहून बघायचे. ‘बघ बाबा, बघ. काय तरी असंल,’ म्हणायचे. तो काही दोष बरा झाला नाही.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत एका सकाळी बाबूराव नळावर घागर भरता भरता खाली बसले ते उठले नाहीत. हृदयाचा झटका. मंदा सांगलीहून गाडी घेऊन आली आणि त्यांना तिकडच्या दवाखान्यात घेऊन गेली. अण्णा आत झोपलेले. त्यांना यातलं काही कळलं नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

त्यांची गाडी निघायच्या आधीच अक्का घामाघूम होऊन माझ्याकडे आली. ‘डॉक्टर म्हनल्यात, आता ह्यांना धक्का बसला तर संपलंच. आन आज चार वाजता भिंतीपलीकडं कुणी नसंल तर... पक्या, तू बस की तिथं. रिमोट घिऊन. बाबूराव येईस्तवर.’

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

मंदाने मला किल्ली दिली आणि एकच गोष्ट बजावली. बाबूराव घर सोडताना मेन स्विचचा फ्यूज काढून ठेवायचे, गाडी सोडताना चावी काढून घेतल्यासारखा. ‘तुमी बी तसंच करा. तुमी इसरभोळं हाय, मला म्हाईत हाय.’ हे खरंच होतं. मागे तिच्या लग्नात मी लावलेला हॅलोजन चार दिवस जळत होता. तेव्हा मी काय करायचो, सहाला ट्यूनर बंद, मेन बंद, फ्यूज काढून शर्टाच्या खिशात, कुलूप, आणि घरी. खिशात ते चिनीमातीचं ठोकळं असलं की मला रात्री शांत झोप लागायची.

आता त्या आठ दिवसांचं सांगतो. पहिल्या दिवशी चार वाजता भिंतीतून टक-टक आलं आणि माझ्या अंगावर काटा आला... भुताच्या भीतीने नव्हे. पलीकडे एक माणूस विश्वासाने बेल देतोय आणि गाडीत ड्रायव्हर म्हणून भलताच बसलाय, या कल्पनेने. मी घाईत दोन चॅनेल पुढे गेलो. टक. मी थांबायच्या ऐवजी आणखी एक पुढे गेलो. टक! मग मागे आलो, ते जास्तच मागे. टक टक टक टक... असली बेल मी कुठल्या गाडीत ऐकली नव्हती. अक्काने मला डबल-सिंगल दहा वेळा समजावलं होतं. तरी रोज किमान एकदा मी स्टॉप चुकवायचोच. कुस्तीवर थांब म्हटलं की मी बातम्यांत, बातम्यांत थांब म्हटलं की स्वयंपाकाच्या कार्यक्रमात.

एक गोष्ट मात्र मी जमवली असं मला वाटत होतं. सहाला मी थेट डबा बंद करायचो, फोटोबिटो काही नाही. चौथ्या दिवशी मी अक्काला अभिमानाने विचारलंसुद्धा, ‘काय अक्का, घाटाचा फोटो यायचा बंद झाला की नाही? केली ना मी वायर दुरुस्त!’

अक्का म्हणाली, ‘व्हय, बंद झालाय. पन हे आता सहाच्या पुढं कुशीवर वळत न्हाईत बघ. तसंच टक लावून बघत्यात मुंग्यांकडं.’

मला त्याचा अर्थ कळला नाही. कळायला हवा होता.

नवव्या दिवशी मी सांगलीला गेलो. मंदाचा फोन आला होता, बाबांनी अर्धवट शुद्धीत माझं नाव घेतलं म्हणाली. हिशोब साधा होता. पहाटेच्या गाडीने जायचं, दहाच्या सुमाराला भेटायचं, अकराला निघायचं, चारच्या आत वाईत. किल्ली आणि फ्यूज खिशातच होते.

दवाखान्यात बाबूराव डोळे मिटून पडले होते. नाकात नळी. मी पलंगाशी बसलो आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून म्हणालो, ‘बाबूराव, गाडी चालू आहे. मी बसतोय स्टेअरिंगला.’ त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण ओठांच्या कडेला काहीतरी हाललं. मंदा म्हणाली, ते हसले. मला तसं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

स्टँडवर आलो तर साताऱ्याकडची गाडी नुकतीच सुटलेली. बाहेर वडापच्या, म्हणजे सीट भरल्या की सुटणाऱ्या, जीप उभ्या होत्या. एक ड्रायव्हर घसा ताणून ओरडत होता, एक जागा शिल्लक होती. कुठे जाणार ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पहाटे तीनला उठलेला माणूस मी, मागच्या सीटवर दोन पोत्यांच्या मधे बसलो आणि झोपलो. वडापात भाडं उतरताना द्यायचं असतं, म्हणून मला कुणी उठवलंही नाही. जाग आली तेव्हा सगळे उतरत होते, आणि समोर द्राक्षाची बाग.

‘हे कुठलं गाव?’

‘कवठे म्हांकाळ. का वं? तुमाला कुठं जायाचं हुतं?’

‘वाई.’

जीपवाल्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘मग झोपाय आमचीच गाडी घावली व्हय?’

एक वाजत आला होता. मी नेमका उलट्या दिशेला आलो होतो. चारच्या आत वाई गाठणं अशक्य. अक्काकडे फोन नव्हता. कंट्रोल रूमला मी कुलूप घातलेलं, तिथे फोन उचलायला कुणी नाही. एका एसटीडी बूथच्या बाहेर मी उभा राहिलो आणि फोन करण्यासारखा एकही नंबर मला आठवेना. चार वाजता अण्णा चमचा उचलतील. टक-टक. टीव्हीत मुंग्या. परत टक-टक. मुंग्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं... मग? डॉक्टरांचे शब्द माझ्या डोक्यात घुमत होते. एक माणूस मी निव्वळ झोपेपायी मारणार होतो.

सांगली, कराड, सातारा — मिळेल त्या गाडीने आलो. चार वाजले तेव्हा कराडच्याही अलीकडे होतो. हातातल्या घड्याळाकडे बघवेना म्हणून ते काढून पिशवीत टाकलं. वाईत उतरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. साडेसात असतील. स्टँडपासून धावत गेलो. आळीत गर्दी नाही, रडारड नाही. दारात अक्का तांदूळ निवडत बसलेली.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, ‘यी. आज मातूर बरा लावलास रं. पयल्यांदाच.’

‘काय?’

‘आरं, डबल दिली की पुढं, सिंगल दिली की थांब. एकबी चुकला न्हाईस. कुस्ती धरलीस ती संपंस्तवर सोडली न्हाईस. हे किती दिसांनी हसलं म्हाईत हाय? अर्धं तोंड हसलं, पर हसलं.’

मी पायरीवर टेकलो.

‘आन तुझी वायर परत बिघडली बघ,’ अक्का सुपातला खडा वेचत म्हणाली. ‘सहाला त्यो घाटाचा फोटू आला. यिऊन बसला. ह्यांनी सिंगल दिली, रोज द्यायचं तशी. मग लय येळ काईच न्हाई. रोजच्यापरास लय येळ. मी म्हनलं, पक्या झोपला का काय तिकडं. आन मग ह्यांनी...’ तिने सूप खाली ठेवलं. ‘मग ह्यांनी डबल दिली. फोटूला कवा डबल देत न्हाईत. आज दिली. लगीच मुंग्या आल्या.’

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. फ्यूज तिथेच होता. दिवसभर छातीवर वागवलेला, घामाने ओला झालेला.

मी अक्काला काही सांगितलं नाही. बॅटरी मागितली आणि पलीकडे गेलो. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. मेन स्विचचं हँडल खाली. वरचं झाकण काढून आत बघितलं. फ्यूजच्या जागेचे दोन्ही जबडे रिकामे, वायरीचा तुकडासुद्धा मधे नाही. ट्यूनरवर तळहात ठेवला. दोन तास चाललेला डबा रात्रीपर्यंत कोमट राहतो हे मला माहीत आहे. हा गार होता. रिमोट बुद्धाच्या मूर्तीमागे, मी टाकलेल्या पंच्याच्या घडीत तसाच. भीती वाटली का? नाही वाटली, ही खरी गोष्ट आहे. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटलं फक्त.

सकाळी कंट्रोल रूम उघडली आणि मंदाचा फोन आला. बाबूराव गेले होते. आदल्या संध्याकाळी.

‘किती वाजता?’ मी विचारलं. असं विचारायचं नसतं, तरी विचारलं.

‘सहा वाजून गेलं हुतं,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘चारपासनं त्यांचा अंगठा हालत हुता. चादरीवर. दाबायचा, थांबायचा, परत दाबायचा. मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हनले, नसांचं असतं तसं. सहाला थांबला. मला वाटलं, झोपले.’

आता स्पष्टीकरण. तुम्ही इथे जे जे विचाराल ते मी तेव्हाच विचारून बसलोय. दुसऱ्या कुणी चॅनेल लावले? किल्ल्या दोन, एक माझ्या खिशात, दुसरी मंदाकडे सांगलीत. शेजारच्या घराची वीज? तशी वायरच नव्हती, मीच घर तपासलं. डबा बंद असताना केबल थेट पुढे गेली? जात नाही. महिन्याभराने मी तो प्रयोग चार वेळा केला, चारही वेळा नुसत्या मुंग्या. आणि समजा गेली, तरी तीस चॅनेलांतून बेलच्या हुकमाने एकेक निवडणार कोण? अक्काला भास झाला? तिला कुस्तीत कोण जिंकला हेही सांगता येत होतं, आणि तो तसाच जिंकला होता. बाकी मला त्यातलं काहीच उलगडलेलं नाही. आजही नाही. नेटवर्कवाल्या मंडळींनी काही सुचवलं तर वाचेन, पण फार आशा धरून नाही.

आणखी एक. त्या सकाळी फोन ठेवल्यावर मी कंट्रोल रूममध्ये बसून माझाच लोकल चॅनेल बघत राहिलो, पहिल्यांदाच नीट. तिरका घाट, माझ्या बोटाची सावली, पाणी. आणि खालून तिसऱ्या पायरीवर पाठमोरी बसलेली दोन माणसं. एकाच्या डोक्यावर टोपी, दुसऱ्याच्या खांद्यावर टॉवेल. अण्णांना झटका येण्याआधी दोघे रोज संध्याकाळी सहाला घाटावर जाऊन बसायचे, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फोटो मी काढला होता. दीड वर्ष तो मी रोज लोकांच्या घरी पाठवत होतो. आणि जो सहाचा थांबा होता, तो वायरीतला दोष म्हणून मी तीनदा दुरुस्त करायला गेलो होतो.

आता अण्णांना सांगणं भाग होतं. अक्काने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळूहळू सांगा, जवळ बसून सांगा. म्हणून दुपारी आम्ही दोघं त्यांच्या पलंगाशी बसलो. अक्काने त्यांचा डावा हात हातात घेतला. मी घसा खाकरला. ‘अण्णा, एक सांगायचं होतं... बाबूराव आहेत ना...’

अण्णांनी हात सोडवून घेतला आणि कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट केलं. ज्या पाटीला वर्षभर हात लावला नव्हता, ती. अक्काने ती त्यांच्या मांडीवर ठेवली, पेन्सिल बोटांत दिली. त्यांनी फार वेळ घेऊन, वेडीवाकडी, लहान मुलासारखी अक्षरं काढली.

बाबू गेला. काल सोडला.

अक्काने पदर तोंडाला लावला. तिला वाचून दाखवायची गरज पडली नाही. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एकाच बाजूने पुसलं जात होतं. पण श्वास संथ होता. ज्या धक्क्याला आम्ही नऊ दिवस घाबरलो, तो त्यांनी काल सहा वाजता एकट्यानेच सोसून टाकला होता. हाताने बेल देऊन.

मला राहवलं नाही. खिशातला फ्यूज काढून त्यांच्यासमोर धरला. ‘अण्णा, काल मी नव्हतो तिकडे. मी कवठे महांकाळला होतो. लाईट बंद होती. मग काल... आणि तुम्हाला कसं कळलं? आम्ही तर काहीच...’

त्यांनी फ्यूजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मनगटाने पाटी पुसली आणि परत लिहायला लागले. या वेळी बरंच लिहिलं. पेन्सिल दोनदा निसटली, अक्काने दोनदा उचलून दिली. मग तिने पाटी माझ्याकडे वळवली, डोळे पुसले आणि मोठ्याने वाचलं —

‘आठ दिस तू हुतास, ते पयल्या स्टॉपलाच कळलं. काल बाबू हुता. तुला तर मी टपावर सुदिक बसवला नसता.’